मदत हवी आहे: पाचवा महिना, हिमोग्लोबिन कमी, आणि ताटात रोज गाईचं कातडं (पोन्मो). खाऊ का नको?

नमस्कार मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहितेय आणि जरा घाबरून लिहितेय, लांबलं तर सांभाळून घ्या. मी पुण्याची, नवरा नायजेरियाचा, तिथल्या योरुबा समाजाचा. पुण्यात शिकायला होता तेव्हा ओळख झाली, आता आम्ही लागोसला सासूबाईंबरोबर राहतो. मला पाचवा महिना चालूये, मागच्या आठवड्यात हिमोग्लोबिन ९.४ आलं, डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि म्हणाल्या प्रोटीन वाढवा, लोह पोटात जाऊ दे. सासूबाई शेजारीच बसलेल्या, आधी अधूनमधून असायचं, तेव्हापासून मात्र माझ्या ताटात रोज पोन्मो.

पोन्मो म्हणजे गाईचं कातडं, केस जाळून नाहीतर गरम पाण्यात घालून तासून काढायचे, मग खरवडायचं, उकडून मऊ करायचं आणि चौकोनी तुकडे करून एफो रिरोत, म्हणजे पालेभाजी, लाल मिरच्या आणि पामतेलाच्या इथल्या रश्श्यात सोडायचं. मांसापेक्षा स्वस्त पडतं त्यामुळे कितीतरी घरांत मांसाच्या जागी हेच असतं. गाईचं आहे म्हणून कुणाला वाचायला त्रास होत असेल तर माफ करा, तो वाद इथे नको, माझा प्रश्न फक्त तब्येतीचा आहे. चव मला आवडते, आपल्या पायाच्या रश्श्यात कातडी लागते ना चिकट चिकट, तशीच.

आता काळजी कशाची ते सांगते. शनिवारी नणंदेबरोबर बाजारात गेले तर कत्तलखान्याच्या मागे कातडी जाळावर धरलेली आणि खाली जळत होते जुने टायर. लहानपणी आजीबरोबर खाटकाकडे जायचे, मुंडी-पाय भाजून द्यायचा तो वास मला पक्का ठाऊक आहे, हा तो वास नव्हताच, हा रस्त्यावर टायर पेटवल्यावर घशात बसतो तो वास. घरी आल्यावर मी एक तुकडा कोमट पाण्यात टाकला, दहा मिनिटांत पाणी काजळासारखं झालं आणि वर तेलाचा तवंग आला, सुरीने खरवडलं तर बोटाला लागलेलं काळं साबणाने दोनदा धुतलं तरी जाईना. आणि हे मी पाच महिने खातेय.

मग रात्रभर वाचत बसले. इथलं अन्न-औषध खातं, नॅफडॅक, त्यांनी चामड्याच्या कारखान्यासाठी आलेली केमिकल लावलेली कातडी खायला विकली जातात म्हणून इशारा दिलेला आहे. जून २०२३ मध्ये जवळच्या घानात अँथ्रॅक्स, म्हणजे आपली काळपुळी, आली तेव्हा इथल्या कृषी खात्याने पोन्मो खाऊ नका सांगितलं होतं, आणि जुलैत इथेच नायजर राज्यात सुलेजाजवळच्या एका फार्मवर जनावरांत ती सापडली. २०२२ मध्ये उत्तर नायजेरियातल्या झारिया शहरातल्या चामडे संस्थेच्या प्रमुखांनी तर बंदीच घाला म्हटलं, यात पोषण काही नाही आणि चामड्याचा धंदा बुडतोय म्हणून. सासूबाईंचं म्हणणं, सगळा धंद्याचा डाव आहे, आम्ही पिढ्यान् पिढ्या खातोय, मला काय झालं. त्या मनापासून करतात हो, सकाळी सहाला उठून उकडत ठेवतात, त्यांना दुखवायचं नाहीये मला.

तर कुणी डाएटिशियन किंवा डॉक्टर असेल तर सांगा, यातून बाळाला खरंच प्रोटीन मिळतं का, टायरवर भाजलेलं नीट धुऊन उकडलं तर चालतं का, आणि आत्तापर्यंत खाल्लं त्याचं काय करू?

प्रतिसाद:
ताई, आधी घाबरू नकोस. मी आहारतज्ज्ञ आहे म्हणून सांगते, कातडं म्हणजे जवळजवळ सगळं कोलॅजन, उकडलं की त्याचंच जिलेटिन होतं. प्रोटीन आहे, खोटं नाही, पण प्रोटीनचे जे घटक शरीराला बाहेरूनच लागतात त्यातलं ट्रिप्टोफॅन त्यात अजिबात नसतं आणि मेथिओनिन कमी, म्हणून एकट्याच्या जिवावर शरीर बांधायला ते पुरत नाही. मांसातलं लोह येतं लाल स्नायूतून, कातड्यात तो भाग नाही, त्यामुळे ९.४ वर याचा उपयोग धरू नकोस. डाळ, अंडं, मासे यांच्याबरोबर चवीला दोन तुकडे असले तर वावगं काही नाही, त्यांच्याऐवजी असलं की पंचाईत. गोळ्या चहाबरोबर घेत नाहीस ना? चहाने लोह कमी शोषलं जातं, तासा-दोन तासांचं अंतर ठेव. लिव्हर लोहासाठी चांगलं म्हणून कुणी रोज खा म्हणेल, गरोदरपणात नको, व्हिटॅमिन ए फार होतं.

प्रतिसाद:
मी लागोसला बरीच वर्षं काढलीत. तुम्ही जे पाहिलं ते ब्राऊन पोन्मो, म्हणजे जाळावर भाजलेलं. लाकडावर भाजलेलं असेल तरी धूर लागतोच पण टायरचं प्रकरण वेगळं, त्याच्या धुरात बेंझोपायरीनसारखी कॅन्सरकारक द्रव्यं असतात आणि शिसं, कॅडमियम वगैरे धातू कातड्यावर बसतात. खरवडून वरची काजळी जाते, धातू उकळून नाहीसा होत नाही. आणि शिसं वारेतून (प्लासेंटातून) बाळापर्यंत पोचतं म्हणून गरोदर असताना तरी हे पूर्ण बंद करा, अगदी आजपासून. गरम पाण्यात घालून तासलेलं पांढरं पोन्मो मिळतं, धुराचा प्रश्न तिथे नाही. अँथ्रॅक्सचं मात्र दोन्हीत सारखंच, जनावर आजारी होतं का हे कातड्यावरून कळत नाही आणि त्याचे बीजाणू साध्या उकळण्याने मरतीलच असं नाही. म्हणून तपासणी होऊन कापलेल्या जनावराचंच घ्या. कच्चं कातडं घरात कोण हाताळतं? हाताला जखम असेल तर लांब राहायला सांगा, आणि न दुखणारी काळ्या खपलीची पुळी दिसली तर लगेच डॉक्टरकडे.

सासूबाईंचं म्हणाल तर त्यांच्याच हातचं मोईन मोईन मागा की. चवळी वाटून, अंडं घालून वाफवलेलं. नाहीतर टायटस मासा, आपल्या बांगड्याचाच भाऊबंद. बंद करा म्हणण्यापेक्षा हे करून द्या म्हटलेलं बरं.

धागालेखिका:
दोघांचे खूप खूप आभार, वाचून रडूच आलं. ते काळं पाणी मी फेकलं नव्हतं, आज सकाळी सासूबाईंना वाटी दाखवली. बराच वेळ बघत राहिल्या, मग म्हणाल्या, माझी आई लाकडावर भाजायची, हे आमचं नव्हे. फ्रीजमधलं सगळं त्यांनी स्वतः टाकून दिलं. आत्ता चवळी भिजत घातलीय, सालं काढायला मला बसवलंय. परवा डॉक्टरांकडे जातेय, टायरचं सांगून रक्तातलं शिसं तपासायचं का विचारते. नणंदच कातडं साफ करते, तिच्या हाताला काही नाही, बघून घेतलं. चार आठवड्यांनी पुन्हा हिमोग्लोबिन आहे, आकडा इथेच टाकते.