इंद्रजालचे पुनर्मुद्रण : मूळ वेताळ कोणता?

जीर्णपान
काल एका सदस्याने लिहिले, की इंद्रजाल कॉमिक्स या जुन्या चित्रकथा-नियतकालिकाचे अंक पुन्हा छापणे म्हणजे छाटलेला माल दुसऱ्यांदा विकणे होय. ज्याला वेताळ (इंग्रजीतला ‘फँटम’, जंगलातला मुखवटाधारी नायक) वाचायचा आहे त्याने त्याचे अमेरिकन निर्माते ली फॉक यांच्या वृत्तपत्रांतील चित्रपट्ट्यांचे संग्रह विकत घ्यावेत. हे वाचल्यापासून डोके तापले आहे, म्हणून सविस्तर लिहितो. मार्च १९६४ पासून १९९० पर्यंत ८०३ अंक निघाले. त्यांतील पहिले ३२ केवळ वेताळाचे होते, हे मान्य, परंतु बी. गोविंद यांनी रंगवलेली मुखपृष्ठे आणि आबिद सुरती यांचा देशी नायक बहादूर अमेरिकेतील कोणत्या संग्रहात मिळणार आहेत?

सातवी चौकट
तो सदस्य मीच. मुखपृष्ठांचा स्वतंत्र ग्रंथ काढा, पहिली प्रत मी घेईन. माझा आक्षेप आतल्या पानांना आहे. १७ फेब्रुवारी १९३६ रोजी सुरू झालेली ही चित्रकथा रोज एकेका पट्टीने पुढे सरकत असे. ती ठरावीक पानांत कोंबताना इंद्रजालने चौकटी गाळल्या आणि उरलेल्यांच्या कडा कापल्या. ऑस्ट्रेलियात फ्रू प्रकाशन १९४८ पासून वेताळ छापत आहे. कात्री तेथेही चालली, पण पुढे त्यांनी त्याच कथा अखंड छापल्या. आपण मात्र कात्रीलाच वारसा म्हणतो.

जीर्णपान
पट्टीची पहिली चौकट पुष्कळदा कालच्या प्रसंगाची उजळणी करते, कारण कालचे वर्तमानपत्र सर्वांनीच वाचलेले नसते. सलग अंकात ती ठेवली, तर वेताळ दर तीन चौकटींनी त्याच दारातून पुन्हा आत येईल. ती गाळणे याला संपादन म्हणतात.

सातवी चौकट
वेताळाचा देश बंगाल्ला, त्याचे डेंकाली केले, सिंग या समुद्री चाच्यांचे सिंगा केले, वेताळाच्या वडिलांचा खुनी रामा याचा रामालू केला, हेही संपादनच का?

आजोळ
खुन्याचे नाव रामा ठेवून त्या काळी येथे मुलांचा अंक विकून दाखवायचा होता. आणि फॉक यांनी स्वतःच वेताळाचा मुलूख आशियातून आफ्रिकेत हलवला, त्याचे काय? त्यांनी आख्खा देश उचलला तर ती प्रतिभा, आणि आपण पाटी बदलली तर पाप?

सातवी चौकट
लेखकाचा अधिकार आणि संपादकाची सोय यांतला फरक ज्यांना कळत नाही, त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही.

आजोळ
मग घालू नका. मी चौथीत असताना शाळेच्या नकाशासंग्रहात आफ्रिकेच्या पानावर बोट फिरवून डेंकाली शोधत असे, आणि सापडले नाही तेव्हा नकाशाच चुकीचा ठरवून मोकळी झाले होते. बंगाल्ला छापलेला अंक उद्या माझ्या हातात दिलात, तर तो दुसऱ्या कोणाच्या तरी लहानपणाचा असेल.

पिनेचा गंज
आपली भांडणे चालू द्या, पण मूळ म्हणण्याजोगे घरांत उरले आहे काय, तेही पाहा. क्रमांक १२३ आणि १२४ संपामुळे निघालेच नव्हते, हे कळण्यापूर्वी मी दोन वर्षे रद्दीची दुकाने पालथी घातली. एका विक्रेत्याने तर ‘१२३ आणून देतो’ म्हणून आगाऊ पैसेही घेतले. राहिलेले अंक वडिलांनी बांधायला दिले, तेव्हा बाइंडरने मुखपृष्ठे फेकून दिली आणि कडा सारख्या करताना खालच्या फुग्यांतील शेवटची ओळ उडवली. कित्येक कथांतला शेवटचा संवाद मी अजून वाचलेला नाही.

सातवी चौकट
या बाइंडरपुढे इंद्रजालचे संपादक संत ठरतात, एवढे कबूल करतो. डेंकालीही राहू द्या. परंतु गाळलेल्या चौकटी मागील पानांवर छापल्याच पाहिजेत.

जीर्णपान
उपकार झाले. आता रंगांचेही सांगून टाका. दैनिक पट्टी कृष्णधवल होती, जांभळा पोशाख १९३९ च्या रविवारच्या पट्टीतून आला, आणि इटलीत तर वेताळ लाल झाला. तुमच्या शुद्ध आवृत्तीत कोणता रंग द्यायचा?

सातवी चौकट
कोणताही नाही, आत सर्व कृष्णधवल. मुखपृष्ठ गोविंद यांचे ठेवा, एवढेच तुमच्यासाठी.