मदत हवी आहे: महात्मा फुले जनआरोग्य योजनेत (सरकारी मोफत उपचार योजना) अँजिओप्लास्टी मंजूर, तरी स्टेंटचे (हृदयाच्या रक्तवाहिनीत बसवायच्या जाळीचे) वेगळे पैसे मागतायत

नमस्कार मंडळी, कुणाला अनुभव असेल तर प्लीज लवकर सांगा, सोमवारी आण्णांची (वडील, वय ६७) अँजिओप्लास्टी आहे.

गुरुवारी शेतातनं आले आणि छातीत कळ आली, बनियन घामाने चिंब. सिव्हिलला नेलं, तिथे ईसीजी, इंजेक्शन सगळं पटापट झालं, एक रुपया लागला नाही, सिस्टर रात्रभर येऊन बघून जात होत्या. हे मुद्दाम सांगतोय कारण सरकारी म्हटलं की लोक सरसकट नावं ठेवतात. पण तिथे कॅथलॅब (अँजिओप्लास्टी करायची खोली) नाही म्हणून योजनेतल्या प्रायव्हेट हॉस्पिटलला पाठवलं. केशरी कार्ड आणि आधार दिलं, हॉस्पिटलमधे बसणाऱ्या योजनेच्या माणसाने, आरोग्यमित्राने, फॉर्म भरला, मंजुरी पण आली.

काल संध्याकाळी तिथल्या एकाने मला जिन्याखाली नेऊन सांगितलं की योजनेतला स्टेंट साधा असतो, टिकेल याची गॅरंटी नाही, चांगला टाकायचा तर ४५ हजार कॅश. केसपेपरच्या कोपऱ्यात पेनाने ४५ लिहून दाखवलं, मी पावती मिळेल का विचारलं तर तो कोपराच फाडून खिशात घातला.

योजना कॅशलेस आहे ना? तपासण्या, औषधं, पेशंटचं जेवण, घरी जायचं एसटीभाडं सुद्धा पॅकेजमधे धरलेलं असतं, कव्हर पण दीड लाखाचं ५ लाख झालंय. आणि २०१७ ला केंद्राने स्टेंटच्या किमतीवर मर्यादा घातली तेव्हा औषधाचा लेप असलेला स्टेंट २९,६०० ला बांधून दिला होता, नंतर दर वाढले असतील, पण नुसता वरचा फरक ४५ हजार कसा काय?

इथे कुणी डॉक्टर असतील तर एवढंच सांगा, योजनेच्या पेशंटला खरंच हलका स्टेंट टाकतात का? शेजारच्या बेडवरच्या काकूंच्या मुलाने कालवड विकून पैसे भरले, त्याला विचारायचंच सुचलं नाही, याचं फार वाईट वाटतंय.

आई म्हणते माझ्या पाटल्या मोड पण भांडू नको, माणूस त्यांच्या हातात आहे. योजनेच्या हेल्पलाइनला, १५५३८८ ला, तक्रार केली तर पेशंटचं नाव हॉस्पिटलला कळतं का? आत्ताच करू की डिस्चार्ज झाल्यावर? योजनेच्या जिल्हा समन्वयकाला लेखी दिल्यावर कुणाचे पैसे परत मिळालेत का? उद्या रात्रीपर्यंत त्या माणसाला हो की नाही सांगायचंय.