मदत हवी आहे: खारघर टेकडीवरच्या कोणत्या वाटा ठेवायच्या, कोणत्या बंद करायच्या?

नमस्कार मंडळी,

नवी मुंबईतल्या खारघरच्या टेकडीवर सकाळी फिरायला जाणारे आम्ही काही जण पावसाळ्याआधी तिथल्या पायवाटांची डागडुजी करायचं म्हणतोय. चाफेवाडी-फणसवाडी या टेकडीवरच्या आदिवासी वाड्यांकडे जाणारा रस्ता सगळ्यांच्या ओळखीचा. प्रश्न आहे तो त्याला फुटलेल्या कच्च्या वाटांचा. वळण टाळायला एक जण सरळ चढतो, मागचे त्याच्यामागे जातात, गवत मरतं आणि जुलैत पाणी नेमकं तिथूनच धावतं. अशा एका वाटेवर गेल्या पावसात गुडघाभर घळ पडली. मुरूम वाहून गेला, शेजारच्या ऐनाची मुळं उघडी पडली. आता घळीतून चालवत नाही, म्हणून लोकांनी तिला लागूनच नवी वाट पाडलीय.

वाटेत जागोजागी तिरके दगड पुरून पाणी बाजूला काढायचं, नको असलेल्या वाटेच्या दोन्ही तोंडांशी काट्या टाकायच्या, एवढं ठाऊक आहे. पण काट्या चार दिवसांत गायब होतात. टिकेल असं काही कुणी करून पाहिलंय का? पुण्याच्या टेकड्यांवर काम करणाऱ्यांनी जरूर लिहावं.

पांडवकडा धबधब्याकडच्या वाटा मुद्दाम घेतलेल्या नाहीत. पावसाळ्यात तिथे बंदी असते, आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये खारघरमध्येच चार विद्यार्थिनी वाहून गेल्या होत्या. तिकडची चढण सोपी करूच नये.

खरी अडचण निराळी आहे. आम्ही गूगल फॉर्म फिरवला. उत्तरं आली ती सगळी सोसायट्यांमधून. कुणाला बाकडी हवीत, कुणाला सायकलसाठी वेगळी वाट, कुणाला दिवे. (दिव्यांना माझा ठाम विरोध आहे. रात्रीची टेकडी प्राणीपाखरांची.) वाड्यांमधून मात्र एकही उत्तर नाही, आणि या वाटा तर मुळात त्यांच्या. पावसाळ्यात शेवळं, टाकळा, कुर्डू अशा रानभाज्यांच्या पाट्या डोक्यावर घेऊन बायका याच वाटांनी बाजाराला उतरतात. फॉर्ममध्ये 'ही बंद करा' असं सगळ्यात जास्त जणांनी जिच्याबद्दल लिहिलंय, ती त्यांची रोजची वाट आहे. ती बहुमताने बंद करणं मला अजिबात पटत नाही.

तर विचारायचंय ते असं. वाडीतल्या लोकांचं म्हणणं नीट ऐकायचं तर बैठक कुठे, कोणत्या वेळी घ्यावी? सकाळी ती मंडळी कामाला गेलेली असतात. कागदावरचा नकाशा दाखवण्यापेक्षा त्यांच्याबरोबर वाटा चालून काढाव्यात असं मला वाटतं. कुणी तसं केलंय का? दगडकामाची मजुरी वाडीतल्याच लोकांना द्यायची आहे, त्याचा हिशेब कसा ठेवता?

आणि परवानगीचं काय? काही जमीन सिडकोकडे, काही वनखात्याकडे. आधी वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांना अर्ज द्यावा की दोन्हीकडे एकदमच? असा अर्ज कुणाकडे तयार असेल तर कृपया इथे टाका. मे संपायच्या आत दगड बसले नाहीत तर यंदाचं काम राहिलंच.