ऑस्ट्रेलियन लेखकांचा पत्रव्यवहार : आईसाठी कुठून सुरुवात करू?

अवनी_मेलबर्न

मंडळी, सल्ला हवा आहे. आई सहा महिन्यांसाठी माझ्याकडे मेलबर्नला आली आहे. वय 72. तालुक्याच्या गावी सार्वजनिक वाचनालयात तिने तीस वर्षं काम केलं. गेल्या चार वर्षांत तिचे कान जवळजवळ गेले. मशीन लावूनही समोर बसून ओठ बघितले तरच तिला कळतं, म्हणून फोन बंद आणि टीव्हीही बंद. डोळे मात्र शाबूत आहेत. येताना बॅगेत जीएंच्या निवडक पत्रांचा एक खंड आणि सुनीताबाईंचं 'प्रिय जी. ए.' घेऊन आली. दोन्ही वाचून झाली, आता दुसऱ्यांदा चालली आहेत.

परवा तिने विचारलं, "इथल्या लेखकांनी नाही का गं एकमेकांना पत्रं लिहिली?" मला काहीच सांगता आलं नाही, आणि ते फार लागलं. अकरा वर्षं या देशात राहते मी.

इंग्रजी ती वाचते, पण सावकाश. तळटीपांनी गच्च भरलेलं नको. लेखक माहीत नसले तरी माणसं कळायला हवीत. मला फक्त पॅट्रिक व्हाइटचं नाव ठाऊक आहे, नोबेलमुळे. त्याच्यापासून सुरू करू का?

सायली_प

व्हाइट नको, निदान पहिला नको. डेव्हिड मार यांनी संपादित केलेला त्याच्या पत्रांचा खंड (1994) मी वाचलाय. माणूस विलक्षण आहे, पण जाडजूड पुस्तकभर एकटा तोच बोलतो. शिवाय फटकळ. आज ज्याच्यावर जीव टाकेल त्याच्याशी दहा वर्षांनी कायमचं तोडेल. काकूंना सिडनीचं ते वर्तुळ माहीत नसेल तर कोण कोणावर का चिडलंय हेच शोधत बसावं लागेल.

एक गोष्ट मात्र त्यांना जरूर सांगा. व्हाइट लोकांना सांगायचा की माझी पत्रं जाळून टाका. राष्ट्रीय ग्रंथालयाने कागदपत्रं मागितली तेव्हा, मी काही ठेवतच नाही, असं कळवून मोकळा झाला. तो 1990मध्ये गेला आणि 2006मध्ये त्याच्या एजंट बार्बरा मॉब्ज यांच्याकडून बत्तीस खोकी कॅनबेराच्या त्याच ग्रंथालयात पोचली. वह्या, हस्तलिखितं, सगळं होतं. वाचनालयात आयुष्य काढलेल्या बाईला हे ऐकून काय वाटेल, मला फार उत्सुकता आहे.

मुळाकाठ

अवनी, आईंच्या कानांबद्दल वाचलं आणि एकच पुस्तक डोळ्यांपुढे आलं : 'पोर्ट्रेट ऑफ अ फ्रेंडशिप'. कवयित्री ज्यूडिथ राइट आणि बार्बरा ब्लॅकमन यांची 1950 ते 2000 या पन्नास वर्षांतली पत्रं, संपादन ब्रायनी कॉस्ग्रोव्ह, 2007.

ज्यूडिथला तरुणपणापासून कमी कमी ऐकू येत गेलं आणि शेवटी ती पूर्ण बहिरी झाली. बार्बराची दृष्टी विशीतच गेली. म्हणजे एकीला फोनवर बोलता येत नाही आणि दुसरीला आलेलं पत्र स्वतः वाचता येत नाही, कुणीतरी वाचून दाखवावं लागतं. तरीही अर्धं शतक दोघींनी एकमेकींना सोडलं नाही. बार्बराचा नवरा चार्ल्स ब्लॅकमन चित्रकार, त्यामुळे तिच्या बाजूला मेलबर्न, लंडन, चित्रं, पोरंबाळं. ज्यूडिथच्या बाजूला क्वीन्सलंडमधल्या टॅम्बोरिन डोंगरावरचं घर, तत्त्वचिंतक नवरा जॅक मॅकिनी, मुलगी मेरेडिथ, आणि मग ग्रेट बॅरियर रीफ वाचवण्याचा लढा. मोठमोठ्या गोष्टी घरच्या गोष्टींत मिसळून येतात, म्हणून तळटीप न वाचताही पुढे जाता येतं.

माझं एक ठाम मत आहे. पत्रं दोन्ही बाजूंची वाचावीत. 'निवडक पत्रे' छापाच्या पुस्तकात एकाच माणसाचा आवाज राहतो आणि समोरचा नुसता नावापुरता उरतो. आईंनी जीएंची पत्रं आणि सुनीताबाईंची पत्रं अशी दोन्ही बरोबर आणली, यावरून त्यांना हे केव्हाच कळलेलं दिसतं.

ज्यूडिथबद्दल आणखी थोडं. ब्रिस्बेनच्या जकारांडा प्रेसकडे कॅथ वॉकर या आदिवासी कवयित्रीचं हस्तलिखित आलं तेव्हा वाचून शिफारस करणारी ज्यूडिथच होती. 1964मध्ये तो संग्रह निघाला, आणि त्यातून दोघींची जन्माची मैत्री झाली. कॅथने पुढे उजरू नूनुकल हे नाव घेतलं. ज्यूडिथची बाकीची पत्रं 'विथ लव्ह अँड फ्युरी' (2006) मध्ये आहेत, मेरेडिथ मॅकिनी आणि पॅट्रिशिया क्लार्क यांनी संपादित केलेली. ती नंतर.

दुसरं पुस्तक अगदी ताजं : 'हॅझर्ड अँड हॅरोवर' (2024). शर्ली हॅझर्ड न्यूयॉर्क आणि इटलीत, एलिझाबेथ हॅरोवर सिडनीत. 1966पासून जवळजवळ चाळीस वर्षं. आधी पत्रं सुरू झाली, भेट नंतर. शर्लीची आई सिडनीत एकटी, स्वभावाने अवघड, आणि तिच्याकडे बघायचं कोणी, तर एलिझाबेथने. स्वतःचं लेखन बाजूला ठेवून. 1971मध्ये तिने छपाईला तयार असलेली कादंबरी परत घेतली, ती शेवटी 2014मध्ये आली. हे पुस्तक मी एका बैठकीत पन्नास पानांपुढे वाचू शकले नाही. परदेशात राहून आईवडिलांची काळजी दुसऱ्यांवर सोपवलेल्या आपल्यासारख्यांना ते सोपं जात नाही. आधी तू वाच, मग आईंना द्यायचं का ते ठरव.

अवनी_मेलबर्न

मुळाकाठ, वाचून थोडा वेळ गप्पच बसले. आई फोनवर बोलू शकत नाही म्हणून गावच्या मैत्रिणीला अजून पानपानभर लिहिते. मी त्याचे फोटो काढून पाठवते.

माइल्स फ्रँकलिनबद्दल कुणी सांगेल का? तिच्या नावाचा पुरस्कार दरवर्षी बातम्यांत असतो.

दिगंत७

माइल्ससाठी जिल रो यांनी संपादित केलेलं 'माय कन्जीनियल्स', दोन भाग, 1993. आणि पाच-सहा जणींचा फड हवा असेल तर कॅरोल फेरियर यांचं 'अॅज गुड अॅज अ यार्न विथ यू' (1992). त्यात माइल्सबरोबर कॅथरिन सुझाना प्रिचर्ड, मार्जरी बर्नार्ड, फ्लोरा एल्डरशॉ, जीन डेव्हनी, एलिनर डार्क आहेत. अंतरं प्रचंड, कॅथरिन तर पार पर्थकडे. एकमेकींची पुस्तकं वाचायची, परखड मत द्यायचं, प्रकाशकाबद्दल तक्रारी, पैशांची ओढाताण. सगळं टपालाने.

माइल्सची सुरुवातच पत्राने झाली. सिडनीच्या अँगस अँड रॉबर्टसनने तिची पहिली कादंबरी नाकारली होती. तिने 1899मध्ये, विशीच्या उंबरठ्यावर असताना, हेन्री लॉसनला लिहिलं. लॉसन तेव्हा देशातला नावाजलेला कथाकार. त्याने बाड वाचलं, लंडनला जाताना सोबत नेलं, प्रस्तावना लिहिली आणि 1901मध्ये एडिनबरोच्या ब्लॅकवुडने ते छापलं. आडगावच्या मुलीला त्याने उत्तरच दिलं नसतं तर?

तिचे कागद सिडनीच्या मिचेल लायब्ररीत आहेत. मी एकदा दोन दिवस तिथे बसलो होतो. पेन बाहेर ठेवायचं, आत फक्त पेन्सिल. खोक्यातून एका वेळी एकच फोल्डर काढायचा. पातळ कागद उलटताना मागची टंकलिखित अक्षरं बोटांना उठावदार लागतात, टंकयंत्राने कागद जवळजवळ भोसकलेला. पूर्णविरामाच्या जागी तर आरपार भोक. काकूंना सिडनीला नेणार असाल तर ही खोली दाखवाच.

ओतूरकर

प्रकाशकांच्या बाजूने कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. मी मुद्रणाच्या धंद्यात होतो, सबब माझं आवडतं 'डिअर रॉबर्टसन' (1982, संपादक ए. डब्ल्यू. बार्कर). अँगस अँड रॉबर्टसनच्या जॉर्ज रॉबर्टसनला लेखकांनी लिहिलेली पत्रं. लॉसन आगाऊ पैसे मागतोय, पुन्हा मागतोय, आणि रॉबर्टसन कुरकुरत का होईना देतोय. लॉसनला 1922मध्ये सरकारी इतमामाने निरोप मिळाला, पण हयातीत त्याचं पोट असं पत्रापत्रांवर चाललं होतं. लेखक-प्रकाशक हे नातं किती जिव्हाळ्याचं आणि किती अवघडलेलं असतं, ते याच्याइतकं उघडं मी कुठे पाहिलं नाही. नवीन मिळणं कठीण, जुन्या पुस्तकांच्या दुकानात बघा.

सायली_प

अजून एक, आकाराने लहान : ग्वेन हारवुडचं 'ब्लेसेड सिटी'. 1943, युद्धकाळ, ब्रिस्बेनमधल्या एका सरकारी कचेरीत कारकुनी करणारी बाविशीतली मुलगी नौदलातल्या मित्राला लिहिते. एकतर्फीच आहे, तरी मुळाकाठ, याला माफ करा. कचेरीतल्या तिच्या खोड्या वाचून मी मोठ्याने हसले होते. सावकाश वाचणाऱ्यासाठी सगळ्यात सोपं हेच.

दिगंत७

राजकारणातली पत्रं हवी असतील तर 'राजवाड्याची पत्रं' राष्ट्रीय अभिलेखागाराच्या संकेतस्थळावर फुकट आहेत. गव्हर्नर जनरल जॉन कर यांनी 11 नोव्हेंबर 1975 रोजी पंतप्रधान व्हिटलमना बडतर्फ केलं. त्या काळात राणीच्या खासगी सचिवाशी झालेला हा पत्रव्यवहार 'खासगी' म्हणून बंद ठेवला होता. इतिहासकार जेनी हॉकिंग सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढल्या, 2020मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला आणि जुलैत सगळं खुलं झालं. त्या बडतर्फीच्या निषेधार्थ पॅट्रिक व्हाइटने स्वतःचा ऑर्डर ऑफ ऑस्ट्रेलिया परत केला होता.

आणि काकूंना आपल्याकडचा धागा हवा असेल तर रिचर्ड केसी. ऑस्ट्रेलियन राजकारणी, 1944 ते 46 बंगालचा गव्हर्नर, पुढे ऑस्ट्रेलियाचा गव्हर्नर जनरल. त्याला गांधीजींनी लिहिलेली पत्रं गांधीजींच्या समग्र वाङ्मयात आहेत.

अवनी_मेलबर्न

सगळ्यांचे मनापासून आभार, वाचनखूण साठवली. आमच्या उपनगरातल्या ग्रंथालयात 'ब्लेसेड सिटी' नव्हतं, 'पोर्ट्रेट ऑफ अ फ्रेंडशिप' दुसऱ्या शाखेतून मागवून दिलं. शनिवारी आणलं.

आईने आधी सवयीने मागचं पान उघडून तारखेचा शिक्का शोधला, मग कणा तपासला. मी तिला सायलीची बत्तीस खोक्यांची गोष्ट वहीत लिहून दाखवली. तिने खाली लिहिलं, "त्यांची नोंद करायला किती माणसं लागली?" कुणाला माहीत असेल तर सांगा, ती खरंच विचारते आहे.

रोज जेवणानंतर आम्ही डायनिंग टेबलाशी समोरासमोर बसतो. बार्बराची पत्रं मी वाचते, ओठ नीट हलवत, आणि ज्यूडिथची ती. आतापर्यंत एकोणीस पानं झाली आहेत.