कॉन्ट्रास्टच्या आधी प्रायमरचं बघा
खेळातले छोटे पुतळे (मिनिएचर) रंगवण्याच्या चर्चेत कुणीतरी म्हटलं, 'कॉन्ट्रास्ट रंग (एकाच थरात रंग आणि सावली दोन्ही देणारा पातळ रंग) म्हणजे एका हातात काम फत्ते'. हे म्हणणं ऑर्कची (काल्पनिक राक्षसी योद्ध्याची) कातडी, केसाळ फर, अंगरख्याच्या चुण्या यांच्यापुरतं शंभर टक्के पटलं. रंग खाचांत साचतो, उंचवट्यावरून ओघळतो, सावली आपोआप पडते. ढालीसारख्या सपाट भागावर मात्र त्याची डबकी होतात. तिथे साधा अ‍ॅक्रिलिकच बरा.

प्रायमरबद्दल, म्हणजे रंगाआधी द्यायच्या पहिल्या थराबद्दल, कुणी बोललंच नाही. कॉन्ट्रास्ट रंग अर्धपारदर्शक, त्यामुळे खालचा थर फिकट आणि गुळगुळीत हवा. पुण्यात जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत प्रायमरचा स्प्रे मारला की पृष्ठभाग खरखरीत होऊ शकतो, मग त्या दाण्यांत रंग अडकून ठिपके दिसतात. पावसाळ्यात मी स्प्रेचा डबा काढतच नाही (गॅलरीतले कपडेही वाचतात!). ब्रशने लावायचा पांढरा प्रायमर, पातळ दोन हात, आणि रात्रभर वाळवण.