खो मिळायच्या आधीच उठतो… एडीएचडी असलेल्या पोराला खो-खो कसा शिकवू?

मैदानावरचा_मास्तर:
नमस्कार मंडळी. शाळेत १४ वर्षांखालच्या मुलांना खो-खो शिकवतो. टीममधल्या एका पोराला एडीएचडी (लक्ष टिकवणं आणि एका जागी थांबणं अवघड जाणारी स्थिती) आहे, त्याच्या आईने यंदा स्वतः येऊन सांगितलं. पळतीला हा पोरगा म्हणजे वाघ, परवा साडेतीन मिनिटं कुणाच्या हाताला लागला नाही, पण आक्रमणात पाटीवर, म्हणजे मैदानातल्या त्याच्या चौकोनात, बसवला की गडबड. खो मिळायच्या आधीच उठतो की झाला फाऊल, नाहीतर कंपाऊंडवरची कबुतरं बघत बसतो आणि पाठीवर हात पडला तरी पटकन कळत नाही. नऊच्या नऊ जणांना आक्रमण करावंच लागतं, त्यामुळे त्याला तिथून काढताही येत नाही. गेल्या मॅचला मी सगळ्यांसमोर ओरडलो, तो रडत बाहेर गेला, ते डोक्यातून जातच नाहीये. काय करू?

शटलवाली_आई:
सर, विचारलंत हेच खूप आहे. माझी मुलगी बॅडमिंटन खेळते, तिलाही एडीएचडी आहे. तिचे सर तिच्यासमोर उकिडवे बसतात, नाव घेतात, एकच गोष्ट सांगतात आणि मग "आता काय करायचंय?" असं तिच्याकडूनच वदवून घेतात, चार सूचना एकदम दिल्या तर तिच्या हाती एकही लागत नाही. अजून एक, गोळी चालू असेल तर वेळ विचारून घ्या. काही गोळ्यांचा असर चारेक तासच राहतो, म्हणजे सकाळी घेतलेली संध्याकाळच्या प्रॅक्टिसपर्यंत उतरलेली असते. आणि भूक मरते हो, डबा तसाच परत येतो, मग मैदानावर चिडचिड. मी पाच वाजता शेंगदाण्याचा लाडू देतेच देते. शिक्षा म्हणून खेळ मात्र बंद करू नका.

खुंटापासून_खुंटापर्यंत:
मी २० वर्षं खो-खोच शिकवतोय. पोराला खेळता येतं, थांबता येत नाही, मग थांबण्याचीच प्रॅक्टिस द्या. त्याला पाटीवर बसवा, मागे एक जण उभा करा. तो कधी नुसतं "खो" ओरडेल, कधी नुसता हात लावेल, कधी दोन्ही, आणि दोन्ही एकदम झालं तरच उठायचं. रोज पाच मिनिटं बास, त्याहून जास्त नको. ही प्रॅक्टिस सगळ्या टीमला द्या म्हणजे त्याला एकट्याला वेगळं काढल्यासारखं वाटणार नाही. पाटीवर बसल्यावर नजर पळणाऱ्याच्या पायावर ठेवायला सांगा, डोळ्यांना काम मिळालं की कबुतरं सुटतात. आणि ड्रिलला पंधरा पोरांची रांग लावू नका, तीन-तीनचे गट करा.

ट्रॅकवरची:
मला स्वतःला एडीएचडी आहे, ४०० मीटर पळायचे. जलतरणपटू मायकल फेल्प्सचं निदान नवव्या वर्षी झालं होतं, जिम्नॅस्ट सिमोन बाइल्सनेही २०१६ मध्ये उघड सांगितलं की ती यासाठी औषध घेते, हे त्या पोराला नक्की सांगा. पुढे मोठ्या स्पर्धांना जाणार असेल तर लक्षात ठेवा, मिथाइलफेनिडेट हे एडीएचडीचं औषध स्पर्धेच्या काळात वाडाच्या (जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या) बंदीच्या यादीत आहे. डॉक्टरांचे कागद जोडून नाडाकडे (भारतातल्या तशाच संस्थेकडे) आधीच टीयूई म्हणजे उपचारासाठीची सूट मागावी लागते. घाबरून गोळी मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नका, डॉक्टरांना विचारूनच काय ते.

मैदानावरचा_मास्तर:
सगळ्यांचे मनापासून आभार. औषधाची वेळ आज आईला फोन करून विचारतो. उद्या आधी त्याला टीमसमोर सॉरी म्हणणार, ओरडलो होतो तेही टीमसमोरच. मग लगेच सगळ्यांना पाटीवर बसवून खोट्या खोची प्रॅक्टिस.