बर्डीवरचे पडदे की लॉनचा भटारखाना? नागपुरात व्हीगन प्रचाराचा जोर कुठे लावायचा

जवस-तीळ :
प्राणिहक्कांचा, म्हणजे मांसाबरोबर दूध-अंडीही सोडा असं सांगणारा व्हीगन प्रचार म्हटलं की पहिलं सुचतं ते हेच. शनिवारी संध्याकाळी बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, चौकोन करून उभं राहायचं, तोंडाला मुखवटे, हातात लॅपटॉप, त्यावर कत्तलखान्याची आणि गोठ्याची दृश्यं, आणि जो थबकेल त्याच्याशी बोलायचं. माझं मत आहे की नागपुरात हा जोर चुकीच्या जागी लागतो. तीच आठ-दहा माणसं आणि तेच तीन तास लग्नाचे लॉनवाले, कॅटरर आणि मेसवाले यांच्यामागे लावले पाहिजेत.

हिशोब करून पाहा. ५०० पानांच्या लग्नात पनीरची एक भाजी ठेवली की २५ किलो पनीर लागतं. किलोला ५ ते ६ लिटर दूध, म्हणजे त्या एका भाजीत सव्वाशे ते दीडशे लिटर. गुलाबजाम-बर्फीला १० किलो खवा लागला तर आणखी पन्नासेक लिटर. रस्त्यावर एका माणसाचं मन वळलं आणि त्याचं रोजचं अर्धा लिटर दूध सुटलं, तर २०० लिटर व्हायला ४०० दिवस लागतात, आणि तेही तो टिकला तर.

शिवाय आपल्याकडे नवीन पदार्थ विकायचाच नाही. तर्री पोहे, पाटवडी रस्सा, वडाभात, सांबारवडी, वांग्याचं भरीत, झुणका-भाकर, जवसाची चटणी, यात दूध मुळातच नाही. ते शिरतं कडेकडेने : पोळीवर तुपाचा हात, तंदुरी रोटीवर बटर, नानच्या पिठात दही, जिलबीच्या घोळात दही, आणि वरणावर आचाऱ्याने आधीच ओतलेलं तूप. आचाऱ्याला एवढंच सांगायचं की तूप वेगळ्या भांड्यात ठेव, ज्याला हवं तो घेईल. रश्शाला दाटपणा हवा असेल तर मलईऐवजी भिजवलेली मगजबी आणि थोडे काजू वाटून घालायचे.

खरी अडचण पनीरची. त्याच्या जागी टोफू, म्हणजे सोयाबीनच्या दुधाची लादी, दिला की आचारी म्हणतो, फुटतो, पचपचीत लागतो. तो फुटतो कारण पाण्यातून काढून तसाच रश्शात पडतो. लादी कापडात गुंडाळून वजनाखाली अर्धा तास ठेवायची, मग तुकडे करून उकळत्या मिठाच्या पाण्यात ५ मिनिटं, निथळून तेलात कडा धरेपर्यंत परतायचे, आणि रश्शात शेवटची ५ मिनिटं. आधी घातला तर आतलं पाणी सुटतं, रस्सा पातळ होतो आणि डाव फिरला की चुरा. मे महिन्यात टोफू बर्फाच्या पाण्याबाहेर ठेवू नये, दोन-तीन तासांत आंबतो. एकदा टोफू आंबट निघाला की तो कॅटरर पुन्हा हात लावत नाही.

पत्रक-पडदा :
स्वयंपाकाचं सगळं पटलं, मूळ मुद्दा नाही पटला. तुमच्या या मांडणीत जनावर कुठे आहे? टोफूची भाजी खाऊन पाहुणा घरी जातो आणि सकाळी दुधाची पिशवी आणतो. त्याला काहीच कळलेलं नसतं. पुढच्या लग्नात यजमान म्हणाला पनीर हवं, की कॅटरर पनीर देणार, कारण कॅटररने काहीही मानलेलं नाही, फक्त ऑर्डर पाळली आहे. "का" हा शब्द ज्या प्रचारात नाही तो मेनूकार्डाचा बदल झाला.

रस्त्यावरचं काम फसतं ते रस्त्यामुळे नाही, ते नीट केलं जात नाही म्हणून फसतं. मेमध्ये साडेसहाच्या आत पडद्यावर उन्हाने काहीच दिसत नाही, तरी लोक पाचला उभे राहतात. दृश्यं परदेशातली असली की बघणारा पहिल्या मिनिटाला म्हणतो, हे आपल्याकडचं नाही. इथलं दाखवा : अंड्यांच्या पिंजऱ्यात एका कोंबडीला ए-फोर कागदापेक्षाही कमी जागा असते. अंडी देणाऱ्या जातीतली नर पिल्लं उबवणी केंद्रात पहिल्याच दिवशी मारली जातात, कारण ती अंडीही देत नाहीत आणि मांसासाठी वाढवायला परवडत नाहीत. हे ऐकल्यावर माणूस वाद घालत नाही, गप्प होतो. तिथून बोलायला सुरुवात करायची. समोरच्याची परवानगी घेऊन नंबर घ्यायचा, तिसऱ्या दिवशी आणि दहाव्या दिवशी निरोप पाठवायचा. नुसती पत्रकं वाटली तर ती पुढच्या वळणावर पडलेली दिसतात.

आणि परवानगी काढा. जागा, वेळ, माणसं किती, भोंगा नाही, हे लिहून ठाण्यात आठवडाभर आधी अर्ज द्यावा, पोच घ्यावी आणि ती पोच जागेवर हातात ठेवावी. फूटपाथची अर्धी रुंदी मोकळी सोडावी. डिसेंबरात हिवाळी अधिवेशनाच्या दिवसांत उभं राहूच नका, सगळा बंदोबस्त मोर्चांवर असतो आणि तुम्हालाही मोर्चातच धरतात.

कुटार-ढेप :
दोघांचेही हिशोब अर्धवट आहेत. जवस-तीळ, लग्नातलं स्वस्त पनीर बरेचदा पनीरच नसतं. पामतेल, दूध पावडर आणि स्टार्च घालून केलेली लादी असते ती. तुमचे दीडशे लिटर तिथे कागदावरच राहतात. ती लादी हटवून टोफू आणला तर दूध फारसं कमी होत नाही, कमी होतं ते मुख्यतः पामतेल. प्रचार करताना हा आकडा फेकलात आणि समोर कोणी धंद्यातला असला तर पुढचं तो काहीच ऐकणार नाही.

आणि गावाकडे बघा. कोरडवाहू शेतात कापूस आणि सोयाबीनचा पैसा वर्षातून एकदा-दोनदा येतो, तूर त्यानंतर. दुधाचा पैसा दर दहा दिवसांनी येतो. किराणा, शाळेची फी, दवाखाना त्यावर चालतो. सरकी ढेप आणि कुटार, म्हणजे जनावरांचा खुराक, महाग होत गेलं तरी दोन गाई लोक सोडत नाहीत ते यासाठी. शहरातल्या लॉनवर दूध बंद करा म्हणणाऱ्याने गावच्या संकलन केंद्रावर उभं राहून तेच म्हणून दाखवावं. आधी दहा दिवसांच्या पैशाला पर्याय द्या.

जवस-तीळ :
बनावट पनीरचा मुद्दा मान्य. तो आकडा यापुढे खव्यापुरता आणि जिथे कॅटरर दुधाचं पनीर स्वतः फोडतो तिथेच वापरावा.

दहा दिवसांच्या पैशाबद्दल मात्र पूर्ण ताळेबंद मांडा ना. गाय दूध देते कारण ती विते, आणि साधारण निम्म्या वेळा गोऱ्हा होतो. पूर्वी तो बैल व्हायचा, आता नांगरणी-वखरणी ट्रॅक्टरने होते. २०१५ च्या दुरुस्तीनंतर महाराष्ट्रात गाईबरोबर बैल आणि गोऱ्ह्यांच्या कत्तलीवरही बंदी आहे, म्हशी-रेडे त्यातून बाहेर आहेत. मग गाईचा गोऱ्हा जातो कुठे? दावणीला ठेवला तर रोज पाच-सहा किलो कुटार खातो आणि एक रुपया देत नाही. सोडला तर रस्त्यावर, नाहीतर दुसऱ्याच्या तुरीत. रेडकू तर दूध वाचवायला बरेचदा उपाशीच ठेवतात. हा खर्च दुधाच्या भावात कुठेच धरलेला नाही, तो जनावराच्या अंगावर पडतो. लिंगनिर्धारित वीर्य वापरून बहुतेक कालवडीच होतील अशी सोय निघाली आहे, पण म्हातारी गाय, भाकड गाय तिने थोडीच सुटते?

कुटार-ढेप :
गोऱ्ह्यांचं खरं आहे, नाकारत नाही. मोकाट जनावरांचा त्रास सगळ्यात जास्त शेतकऱ्यालाच आहे, रात्रभर जागल करावी लागते. पण त्यावर तुमचं उत्तर "दूध पिऊ नका" हे असेल तर शेतकऱ्याचं एक उत्पन्न गेलं आणि जनावर तसंच उभं. सोयाबीन आमच्याच शिवारात पिकतं. एक किलो सोयाबीनचा दीड ते दोन किलो टोफू होतो. तालुक्याच्या शेतकरी उत्पादक कंपनीकडून ठरलेल्या भावात आठवड्याला उचल करा आणि दर दहा दिवसांनी पैसे द्या. एवढं जमवलंत तर मी स्वतः तुमच्या बाजूने बोलेन. बोलणारे पुष्कळ असतात, उचल करणारा कोणी नसतो.

अजनीकर :
एक गोष्ट कोणीच काढली नाही. नागपुरात "मांस सोडा" हे वाक्य कोणाच्या तोंडून येतं, हे ऐकणारा आधी बघतो. मांस खाण्यावरून घर भाड्याने न मिळणं, गाडी अडवून मारहाण होणं, हे या राज्याने आणि देशाने पाहिलं आहे. व्हीगन पत्रकावर गाईचं चित्र आणि खाली "गोमाता" आलं, की तुमचं पत्रक त्या रांगेत गेलं. आणि गोरक्षण व व्हीगन विचार यांचं मुळातच जमत नाही. गोरक्षणात दूध, तूप पवित्र असतं, तुम्ही तर तेच सोडा म्हणता. हा फरक पहिल्या ओळीत लिहा. गाईऐवजी कोंबडी आणि म्हैस दाखवा.

अशोक विजयादशमीला दीक्षाभूमीवर अन्नदानाचे स्टॉल लागतात, तिथे पडदे घेऊन जाऊ नका. २२ प्रतिज्ञांमध्ये प्राणिमात्रांवर दया करण्याची प्रतिज्ञा आहे, म्हणून ती दाखवून लोकांना कोंडीत पकडायचा मोह होतो. ज्यांच्या ताटावरून पिढ्यान्‌पिढ्या अपमान झाला त्यांना त्यांचीच प्रतिज्ञा बाहेरच्याने वाचून दाखवू नये. तिथे जायचं तर मसालेभाताचं पातेलं घेऊन जा आणि वाढा.

पत्रक-पडदा :
गाईच्या चित्राबद्दल सहमत. पण "बाहेरच्याने" याला हरकत आहे. त्या समाजातलेही व्हीगन लोक आहेत आणि प्रतिज्ञेचा अर्थ ते स्वतः तसा लावतात. त्यांना बोलू द्या की.

कलम-अकरा :
पडदा की भटारखाना हा वाद चालू द्या. दोन्ही बाजूंना आणि मांस खाणाऱ्यालाही ज्यात हरकत नाही असं एक काम समोर आहे : मोपेडच्या हँडलला पाय बांधून उलट्या टांगलेल्या कोंबड्या. जवळून पाहा. दोन्ही बाजूंना आठ-दहांचा जुडगा, सगळा भार मांडीच्या सांध्यावर, पंख उघडे पडलेले, चोच चाकाच्या आरीपासून वीतभर. सिग्नलला गाडी थांबली की त्या मान वर उचलायचा प्रयत्न करतात.

कायदा काय आहे ते नीट सांगतो, कारण इथेच लोक फसतात. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याचं कलम ११(१)(ड) यासाठीच आहे : वेदना होईल अशा रीतीने वाहून नेणं. पण पहिल्या गुन्ह्याला दंड १० ते ५० रुपये. वर हा पोटकलमाचा गुन्हा अदखलपात्र, त्यामुळे ठाण्यात एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, लिहून हातात कागद देतात आणि तपास न्यायदंडाधिकाऱ्याच्या हुकुमाशिवाय होत नाही. एफआयआर का नाही म्हणून ठाण्यात भांडण्यात रात्र घालवू नका. गाडीचा नंबर दिसेल असा फोटो, वेळ, चौक आणि कोंबड्यांची संख्या, एवढं लिहून एनसीची प्रत घ्या. एकाच दुकानाच्या तीन-चार एनसी जमल्या की त्या जोडून महापालिकेकडे आणि पशुसंवर्धन विभागाकडे निवेदन द्या. दुकानाला दंडाची भीती नसते, परवान्याची असते. आणि गाडी स्वतः अडवू नका. गाडी अडवणारा कोणासारखा दिसतो, हे अजनीकरांनी सांगितलंच आहे.

कुटार-ढेप :
वाहतूक नियमांत कोंबड्यांसाठी तापमानाची अट आहे ना? २५ अंशांच्या वर नेऊ नये म्हणून. नागपुरात मग वर्षाचे बरेच महिने भरदिवसा कोंबडी जागची हलायचीच नाही. असा नियम दुकानदाराला दाखवलात तर तो सगळा कायदाच हसण्यावारी नेईल.

कलम-अकरा :
बरोबर, म्हणून त्या अटीने सुरुवात करू नये. क्रेटने करावी. प्लास्टिकच्या एका क्रेटमध्ये दोन किलोच्या दहा-बारा कोंबड्या बसतात. मोपेडवर तो क्रेट मावत नाही, हीच दुकानदाराची खरी अडचण. चार-पाच दुकानांनी मिळून एक तीनचाकी लावली तर फेऱ्या कमी होतात. उलट्या टांगलेल्या पक्ष्याच्या मांडीत रक्त साकळतं, ते मांस गिऱ्हाईक परत करतं, उन्हात दोन-चार मरतातही. हे नुकसान दुकानदाराला माहीत असतं, त्याच्याच भाषेत बोला. एप्रिल ते जूनमध्ये सकाळी आठच्या आत वाहतूक आणि क्रेटवर ओलं गोणपाट, एवढ्या दोन गोष्टी मागा.

पत्रक-पडदा :
म्हणजे कोंबडी आरामात कापायला न्या, असं व्हीगन माणसाने सांगायचं?

कलम-अकरा :
त्या हँडलवरच्या कोंबडीला आजची फेरी काढायची आहे. तुमचं काम चालू असताना तिचा पाय निखळू नये, एवढंच मागतो आहे. क्रेट मागणारा माणूस कापणं मान्य करतो असं होत नाही.

जवस-तीळ :
हे निवेदन माझ्याही कामात बसतं. आणि एक राहून गेलं, आरोग्याचं. बी-१२ वर मौन पाळणारा प्रचार माणसं परत पाठवतो. वनस्पतीतून ते भरवशाने मिळत नाही, दूध पिणाऱ्या शाकाहारी घरांतही कमी निघतं. दूध-अंडी सोडणाऱ्याने गोळी घेतलीच पाहिजे, डोस डॉक्टरांना विचारून. हातापायाला मुंग्या यायला लागल्यावर जागं होण्यात अर्थ नाही. कॅल्शियमला तीळ आणि नाचणी, प्रथिनांना सोया वडी (३० ग्रॅम कोरड्या वडीत १५ ग्रॅमच्या आसपास). पत्रकाच्या मागच्या बाजूला हे छापा, ती बाजू लोक जपून ठेवतात.

चहाचंही. टपरीवर सोया दूध फाटतं म्हणून नावं ठेवतात. बोअरच्या जड पाण्यातला चुना सोयाचं प्रथिन गोठवतो, टोफूही तसाच बनतो. नळाचं पाणी घ्यायचं, चहा-आलं आधी उकळून गाळून घ्यायचं, दूध वेगळं गरम करून शेवटी ओतायचं आणि पुन्हा उकळायचं नाही.

पत्रक-पडदा :
मागची बाजू छापू. तुम्ही लॉनवर टोफूच्या भाजीपुढे पाटी लावणार आहात का? त्यावर काय लिहिणार?

जवस-तीळ :
"दूध-तूप नाही. सोयाबीन, काजू आहे." ज्यांना ॲलर्जी आहे त्यांच्यासाठी दुसरी ओळ हवीच.

पत्रक-पडदा :
आणि तिसरी ओळ? गोऱ्ह्याची?

जवस-तीळ :
लग्नाच्या मांडवात नाही. यजमानाला विचारल्याशिवाय त्याच्या मांडवात गोऱ्ह्याचं मरण लिहिणार नाही. तो हो म्हणाला तर लिहीन.

पत्रक-पडदा :
मग विचारा. बहुतेक वेळा ते कोणी विचारतच नाही.